एकावर एक पाच गुंड

बिबवेवाडी, पुणे ३७
गुरुवार, दि. २१ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. द्वारकाताई यांस,
रंगनाथचा सा. न. वि. वि.

आज सकाळी पाणी उशिरा आलं. दूध घेतलं, पेपर वाचला, बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. दुपारी मुगाची खिचडी केली. चार वाजता दारावरची बेल वाजली. बेल वाजली नसती तर पत्र लिहायची गरज नव्हती. पण त्यानंतर माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती चंद्रभागेच्या थोरल्या बहिणीला कळवायला हवी असं वाटलं.

दारात कात्रजच्या मुक्ताआजी गावंडे आणि त्यांची नात अपेक्षा उभ्या होत्या. ही मंडळी तुमच्याच भागातली, दर्यापूरकडची. अपेक्षाचे वडील इथे कारखान्यात लागले तेव्हापासून सगळे पुण्यात आहेत. मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिचं लग्न १२ डिसेंबरला ठरलं आहे आणि मुलीकडून मांडायच्या रुखवताची ऑर्डर त्यांनी चैत्रातच चंद्रभागेला दिली होती. मे महिन्यात ती गेली हे त्यांना कळलं होतं. आम्ही दुसरीकडे बघतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, एवढं सांगायला आजी मुद्दाम कात्रजहून बस बदलून आल्या होत्या.

मी म्हणालो, होईल. दुसरं काही म्हणालो नाही. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये इतकी वर्षं काढली, पण होईल हा शब्द मी कुणाला सहजासहजी दिला नव्हता. तिथे माझी ख्याती ‘नाही’ म्हणण्याबद्दलच होती.

चंद्रभागेने बरंच काम करून ठेवलं होतं. सुपारीची वरात, मण्यांचं तोरण, बडीशेपेच्या गोळ्यांची गाडी, सगळं कपाटात जुन्या साडीत बांधलेलं आहे. राहिलं आहे ते आजींच्या खास मागणीचं. त्या दोघी आतल्या खोलीत बसून खूप वेळ बोलत असत आणि मी बाहेर पेपर वाचत असे, त्यामुळे मला त्याची कल्पना नव्हती. आजींनी पुन्हा सांगितलं. एकावर एक पाच गुंड पाहिजेत. चांगले फुगीर. गळ्यात माळा. सगळ्यात वरच्याच्या तोंडावर नारळ. नवरदेवाकडच्यांची पहिली नजर त्यांच्यावरच गेली पाहिजे. आमच्याकडे अशी रीत नाही, पण तुमच्याकडे असेल. जास्त विचारायला संकोच वाटला. मी हो म्हटलं.

आमचा शुभंकर म्हणतो की जानेवारीनंतर फ्लॅट विकून बंगलोरला त्याच्याकडे या. सध्या त्याच्या कंपनीत एक जानेवारीला कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून काम चाललं आहे, तोवर त्याला माझ्याकडे बघायला फुरसत नाही. मी ठरवलं आहे की ही एक ऑर्डर चंद्रभागेच्या नावाने पुरी करायची. बिघडली तर कपाट एखाद्या महिला मंडळाला देऊन मी बंगलोरला जाईन. नाही बिघडली तर काय, याचा विचार केलेला नाही. तुम्ही इतकी वर्षं शिवणक्लास चालवता. हाताच्या कामाचा धंदा कसा करायचा, चार गोष्टी असतील तर कळवाव्या. पत्रानेच कळवाव्या. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

साडूभाऊंना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी करू नये.

आपला,
रंगनाथ


अकोला
दि. ३० ऑक्टोबर १९९९

श्री. रंगनाथराव यांस,
द्वारकाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुमचे साडू म्हणाले, रंगनाथरावांनी दोन पानं लिहिली म्हणजे काहीतरी मोठं झालं असेल, तू आधी बसून घे. मी बसले आणि वाचलं. मग उठून पेढे आणले. तुम्ही हो म्हणालात याचे. चंदा गेल्यापासून तुमची तीन पत्रं आली, तिन्हींत प्रकृती बरी आहे एवढंच होतं. जावईबापू, प्रकृती बरी असलेला माणूस असं लिहीत नाही.

आता धंद्याचं ऐका. मी काही शाळेत शिकले नाही, माझं सगळं चुका करून झालेलं आहे. कात्री हातात घ्यायच्या आधी निम्मे पैसे घ्यायचे. चंदाने घेतले नसतीलच, तिला मागायची लाज वाटायची, तुम्हाला तिच्याहून जास्त वाटेल. म्हणून बोलायचंच नाही, दारात छापून लावायचं. छापलेल्याशी कुणी हुज्जत घालत नाही. गिऱ्हाईक महाग आहे म्हणालं तर भाव उतरवायचा नाही, एक वस्तू कमी करायची. सुपारीच्या वरातीतला घोडा काढून टाकतो म्हणा, लगेच घोड्यासकट घेतात. नातेवाइकांना फुकट द्यायचं नाही. त्यात मीही आले, पण माझ्यापासून सुरुवात करू नका.

आणि अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, मग ते कितीही हौसेने डोकावो. मी एकदा एका बाईला टाचण्या लावलेला ब्लाउज दाखवला. तिने सुधारणा सुचवल्या, मी करत गेले, शेवटी तो तिच्या सासूला बसला. सांगितलं तसंच्या तसं करायचं, पुरं झाल्यावर एकदम दाखवायचं. आपली जास्तीची अक्कल वेगळ्या कापडावर चालवायची.

आता गुंडांचं. आजींचं बरोबर आहे, आमच्याकडे त्यांच्याशिवाय रुखवताला शोभा नाही. पण गुंड करणं वाटतं तेवढं सोपं नाही. सगळे एका मापाचे करू नका. खालचा चांगला दांडगा, मग वर वर लहान होत जायचे. पोट रिकामं ठेवू नका, रद्दी ठासून भरा, नाहीतर दाबले जातात. मान आखूड. ओठ बाहेर वळलेले. बूड सपाट पाहिजे, नाहीतर ऐन वेळी लोळतात. दोघातिघांना कान लावून त्यांत कड्या घातल्या तर फार छान दिसतं. रंग तांब्याचा. आणि चमक पाहिजे, तेलाचा हात फिरवल्यासारखी.

करा बिनधास्त. बंगलोरचं नंतर बघू. माया आहे ती दुप्पट करून पाठवते आहे, पोच द्या.

तुमची,
द्वारका


बिबवेवाडी, पुणे ३७
शनिवार, दि. ४ डिसेंबर १९९९

ती. सौ. द्वारकाताई यांस,
रंगनाथचा सा. न. वि. वि.

पोच द्यायला उशीर झाला. गुंड करत होतो. काल पुरे झाले.

तुमच्या पत्राचा इतका उपयोग झाला की ते मी कामाच्या टेबलासमोर भिंतीला लावलं आहे. आधी मला यातला हेतूच कळत नव्हता. मग लक्षात आलं की मुलगी परक्या घरी जाते, तिच्या मागे कोण माणसं उभी आहेत हे सासरच्यांना गमतीने दाखवायचं असेल. रीत आवडली. आमच्याकडे या बाबतीत नुसतं रडतात.

पण गुंड जवळून पाहिलेला नव्हता. आमच्या चौकात एका तरुण मंडळाची खोली आहे. तिचे अध्यक्ष दत्तोबा यांना सगळे भाई म्हणतात. मी समोरच्या चहाच्या टपरीवर दोन-तीन संध्याकाळी बसून त्यांची मान आणि पोट नीट पाहून घेतलं. एका संध्याकाळी ते स्वतःच येऊन समोर बसले आणि काका, काय बघताय, असं त्यांनी विचारलं. खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी म्हणालो, रुखवतासाठी तुमचं माप हवं आहे. मग त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि टपरीवाल्याला माझ्यासाठी स्पेशल चहा सांगितला. दुसऱ्या दिवसापासून ते घरीच यायला लागले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान आखडून बसतात आणि हलत नाहीत. मिशी कुठे वळवायची आणि कुठे झुलू द्यायची याची त्यांना चांगली माहिती आहे.

मिशांच्या केसांसाठी रविवार पेठेत गेलो. दुकानदाराने विचारलं, किती माणसांच्या. मी पाच म्हणालो. त्याने विचारलं, वाढत नाहीत का त्यांच्या. मी म्हणालो, नाही, ते रद्दीचे आहेत. तो म्हणाला, मग मतदारसंघ सांगा, त्याप्रमाणे देतो. पण केस चांगले दिले.

खालचा गुडघ्याएवढा झाला आहे. पोटात वर्तमानपत्रं ठासून भरली, शेअर बाजाराची पानं त्यात फार गेली. मान आखूड केली, ओठ बाहेर वळवले. तुम्ही म्हणालात तसं तिघांच्या कानांत कड्या घातल्या, तेव्हा एकदम चेहऱ्याला धार आली. बूड सपाट केल्यामुळे प्रत्येक जण खालच्याच्या खांद्यावर नीट बसतो. तेलकट चमक साधली आहे. अडचण फक्त नारळाची होती. वरच्याच्या तोंडावर नारळ ठेवायचा तर त्याचा चेहरा आभाळाकडे करावा लागला. तो चेहरा दत्तोबांचा आहे. त्यांना नारळ हातात हवा होता, तोंडावर बरा दिसत नाही म्हणाले. मी त्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाने सांगितलं तसंच करायचं असतं. त्यांनी ते ऐकलं. दत्तोबा कुणाचं ऐकत नाहीत असं चौकात म्हणतात.

मुक्ताआजी मध्ये एकदा बघायला आल्या होत्या. तुमची सूचना होती म्हणून मी दारातच उभं राहून पुरं झाल्यावर दाखवीन असं सांगितलं. त्या गालातल्या गालात हसल्या आणि गेल्या.

काल दुपारी पाचवा बसवला आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं. मला हसू आलं. मोठ्याने आलं. हसता हसता मी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहिलं. मग खिडकी लावून घेतली आणि तोरणाला पिना लावल्या.

पुढच्या रविवारी लग्न. धनकवडीच्या कार्यालयात सकाळी सात वाजता मांडायला जायचं आहे. टेम्पो दत्तोबा देणार आहेत. साडूभाऊंना सांगा की प्रकृती बरी आहे.

माया पोचली. मोजली नाही.

आपला,
रंगनाथ


अकोला
दि. ९ डिसेंबर १९९९

श्री. रंगनाथराव यांस,
द्वारकाचा घाईघाईने नमस्कार.

तुमचं पत्र आत्ता दुपारी आलं. मी क्लासमध्ये मुलींसमोर वाचायला घेतलं. मिशांपाशी आले आणि माझ्या हातून पत्र पडलं. कानातल्या कड्या वाचल्या आणि मी मशीनवर डोकं ठेवलं. मुलींना वाटलं पुण्याला काहीतरी वाईट घडलं, एकीने पाणी आणलं. तुमचे साडू आले, त्यांनी वाचलं, तेही भिंतीला धरून उभे राहिले. माय वं, रंगनाथराव, तुम्ही काय करून ठेवलं.

अहो, गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचं भांडं. तांब्यापितळेचं. तुम्ही घागर म्हणता ना, तेच. मोठ्या गुंडावर लहान, त्याच्यावर आणखी लहान, अशी पाच गुंडांची उतरंड मांडतात, सगळ्यात वरच्याच्या तोंडावर नारळ ठेवतात. ते भांड्याचं तोंड. माझं पत्र मी आठवून पाहिलं. मान आखूड लिहिलं, ओठ वळलेले लिहिलं, कानात कड्या लिहिल्या. म्हणजे मीच इथे बसून तुमच्याकडून पाच मवाली करून घेतले. आता काय म्हणू.

मी लगेच पीसीओवर जाऊन तुमच्या वरच्या मजल्यावरच्या ओसवालांना फोन लावला. एक्सचेंज बदललं आहे म्हणे, नंबरच लागत नाही. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे. शनिवारी मिळालं तर तसेच उठा, बोहरी आळीत जा, उतरत्या मापाच्या पाच घागरी आणा आणि त्यांना चंदाचं तोरण बांधा. रविवारनंतर मिळालं तर देवाची मर्जी. आजी तिखट बाई वाटते. रागावली तर सगळं माझ्या नावावर टाका.

तुम्हाला हा शब्द माहीत नाही याचं आधी नवल वाटलं, मग वाटलं नाही. तुम्हाला एक सांगते. चंदा लग्न होऊन पुण्याला आली त्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरात म्हटलं की दुधाचा गंज चुलीवर ठेवते. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. तुमच्या आत्याबाई शेजारी होत्या. त्या म्हणाल्या म्हणे, आमच्याकडे गंज लोखंडावर चढतो, चुलीवर नाही. चंदाने ही गोष्ट मला हसत हसत सांगितली होती, नक्कल करून. पण तेव्हाच म्हणाली, अक्का, मी आता तिथे पातेलंच म्हणते, सोपं जातं. मग इतकी वर्षं तिने सोपंच जाऊ दिलं. अकोला स्टेशनावर उतरली की मात्र रिक्षेत बसायच्या आधीच काहून आणि कायले सुरू व्हायचं. तुमच्यासमोर कधी बोलली नाही, मग तुम्हाला गुंड कुठून माहीत असणार. यात तुमचं काही चुकलेलं नाही, एवढ्यासाठी लिहिलं.

पोस्ट बंद होईल. लोभ बिभ नंतर, आधी घागरी.

द्वारका


बिबवेवाडी, पुणे ३७
मंगळवार, दि. १४ डिसेंबर १९९९

ती. सौ. द्वारकाताई यांस,
रंगनाथचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल सोमवारी मिळालं. लग्न परवा झालं. त्यामुळे जे झालं ते तुमच्या पत्राशिवाय झालं. क्रमाने लिहितो.

सकाळी सातला मांडायला सुरुवात केली. मध्ये सुपारीची वरात, बाजूला बाकीच्या वस्तू, मागे पाच गुंड, वरती नारळ. दत्तोबा मदतीला आले होते. त्यांना बोलावलेलं नव्हतं, पण स्वतःचा पुतळा पहिल्यांदा बाहेर पडतो आहे तर आलं पाहिजे म्हणाले. पांढरा सफारी घातला होता आणि सोनं होतं तेवढं सगळं. काम झाल्यावर ते पुतळ्याशेजारी हाताची घडी घालून उभे राहिले आणि जेवणं होईपर्यंत हलले नाहीत.

पहिल्यांदा नवऱ्या मुलाचे काका आले. हे गृहस्थ आल्यापासून नाराज होते. स्वागताला उशीर झाला, चहा गार होता, मानाची टोपी डोक्याला लहान झाली, असं त्यांचं चाललं होतं. त्यांनी गुंड पाहिले. मग शेजारचे दत्तोबा पाहिले. मग पुन्हा वरचा गुंड पाहिला आणि दोन्ही चेहरे ताडून पाहिले. त्यानंतर त्यांनी त्या कार्यालयात कुणाकडे काही मागितलं नाही. टोपी छान बसते आहे असं त्यांनी आपणहून सांगितलं. नवऱ्या मुलाचे वडील सदाशिव पेठेतले. त्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की ही मंडळी मुलीबरोबर आमच्याकडे राहायला येणार आहेत, की गरज पडेल तसं येऊन जाऊन.

मग मुक्ताआजी आल्या. त्या बराच वेळ बघत होत्या. मला म्हणाल्या, हे काय. मी म्हणालो, एकावर एक पाच गुंड. त्या एकदम खाली बसल्या, तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. नातीच्या लग्नात आपण काय करून ठेवलं हे मला कळत नव्हतं, पण काहीतरी केलं आहे हे कळत होतं. मी तोरण काढायला पुढे झालो. त्यांनी माझा हात धरला. तेव्हा दिसलं की त्या हसताहेत. बोलता येईना, नुसत्या हाताने घागरीचा आकार करून दाखवत होत्या. तो आकार मला तिसऱ्या वेळी समजला.

द्वारकाताई, अशा वेळी जमीन दुभंगावी असं वाटतं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मलाही हसू यायला लागलं. आम्ही दोघं तिथे बसून हसत होतो आणि सनईवाला थांबून बघत होता. अपेक्षा मुंडावळ्या सावरत धावत आली, तिने सगळं ऐकलं आणि आजी, हे असंच राहू दे, प्लीज, असं म्हणून नवऱ्याला ओढून आणलं. भटजींनी दोनदा मुहूर्ताची आठवण दिली. गुंडांबरोबरचा फोटो झाल्यावरच ती बोहल्याकडे गेली.

पण आजींचं मागणं राहिलं होतं. आचाऱ्याकडे स्टीलच्या कळश्या होत्या. आजींनी चार कळश्या आणि वर एक तांब्या अशी उतरंड स्वतःच्या हाताने रचली, चंद्रभागेचं मण्यांचं तोरण तिच्या गळ्यात घातलं आणि दत्तोबांच्या तोंडावरचा नारळ उचलून तिथे ठेवला. दत्तोबांना फार बरं वाटलं. शेवटपर्यंत दोन्ही प्रकारचे गुंड शेजारी शेजारी होते.

जेवणं झाल्यावर मी सामान आवरत होतो. आजी आल्या. मी त्यांना म्हणालो की माझ्याकडून ऑर्डर बिघडली, पैसे परत करतो. आमच्या घरात हा शब्द कधी ऐकला नव्हता, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "हातकाम करणाऱ्या बाया पुण्यात लय हायेत बापू. मी त तिच्याजवळ बोलाले येत होती."

म्हणजे चैत्रापासून त्या कात्रजहून दर गुरुवारी ऑर्डर बघायला येत असत ते यासाठी. पुण्यात आपल्या बोलीत बोलायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं. नात मराठी बोलते तेही निम्मं इंग्रजीत. आतल्या खोलीतून हसण्याचे आवाज यायचे, मी पेपरातून मान वर करत नसे. गंजाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती तुमच्या पत्रातून काल कळली. दोनदा वाचली.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. उलट नवऱ्या मुलाच्या मावशींनी थांबवलं. फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचं लग्न आहे. त्यांना पाच गुंड हवे आहेत. मी विचारलं, कोणते. त्या म्हणाल्या, मिशीवाले, आणि मधला आमच्या थोरल्या दिरांसारखा जमेल का, फोटो देते. मी उत्तर दिलेलं नाही. चूक एकदा होते. तीच पुन्हा मुद्दाम करून विकावी का, हे मला कळत नाही. कपाटही अजून कुणाला दिलेलं नाही. तुमचा सल्ला हवा आहे.

आणि एक विनंती. यापुढे मला पत्र लिहाल तेव्हा तुम्ही घरात बोलता तसं लिहावं. समजलं नाही तर विचारीन.

मायेत खंड नसावा.

आपला,
रंगनाथ


अकोला
दि. २३ डिसेंबर १९९९

रंगनाथराव,
द्वारकाचा नमस्कार घ्या.

तुमचं पत्र मी आता क्लासमध्ये मोठ्याने वाचून दाखवते. मागच्या मुली पास होऊन गेल्या होत्या, त्या ऐकायला परत आल्या.

काहून विचारता तुम्ही मले. चूक पुन्हा विकावी का म्हणे. अहो, माझ्या क्लासची ती तिरपी चुणी, जिच्यासाठी बायका अमरावतीहून येतात, ती एका ढगाळ दुपारी कापड उलटं धरल्यामुळे झाली होती. त्या दिवशी रडली मी. दुसऱ्या दिवशी त्याच बाईची बहीण तसंच द्या म्हणून आली. लोकांना जे हसून घरी न्यावंसं वाटते ते चूक राहत नाही बावा, तो तुमचा नमुना होतो. घ्या ऑर्डर. पण निम्मे पैसे आधी, आणि दिरांच्या फोटोवर दिरांची सही.

मात्र माझा एक सल्ला मी मागे घेते. सांगितलं तसं करायचं, हे मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. काय सांगितलं हे आधी तीनदा विचारायचं. गिऱ्हाईक वैतागलं तरी विचारायचं, लाज वाटली तर जास्त विचारायचं. कसं दिसते, कशात ठेवतात, त्याचं काय करतात. हाताचं काम नंतर येते, कानाचं आधी. चंदाचं बस्तान पुण्यात काही हाताने बसलं नव्हतं. ती ऐकायची.

बंगलोरबद्दल मी काही म्हणत नाही. पोरगा आहे, बोलावते, जा. आठ दिवस जा नाहीतर कायमचे जा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरवायच्या आधी मला विचारू नका, मी निःपक्षपाती नाही. घरोघरची मिशी मला पाहायची आहे.

हे पत्र समजलं का, तेवढं लिहा. माया हाय, मोजून घ्या यावेळी.

तुमची,
द्वारका


बिबवेवाडी, पुणे ३७
सोमवार, दि. ३ जानेवारी २०००

ती. सौ. द्वारकाताई यांस,
रंगनाथचा सा. न. वि. वि.

पत्र समजलं. एकच अडलं होतं, ते मुक्ताआजींना विचारलं.

एक तारखेला कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. शुभंकरचा ओसवालांकडे फोन आला. आवाजावरून थोडा निराश वाटला, इतकी तयारी केली आणि काहीच झालं नाही. मग म्हणाला, बाबा, आता मी मोकळा आहे, फ्लॅटचं बघायला येतो. मी म्हणालो, फ्लॅट विकायचा नाही. तो म्हणाला, का. मी म्हणालो, माझ्याकडे लग्नसराईची कामं आहेत, मे महिन्यात पंधरा दिवस तुझ्याकडे येईन. त्याने विचारलं, कसली कामं. मी म्हणालो, गुंड. मग मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. फोनवर मी इतका वेळ कधी बोललो नव्हतो. ओसवालवहिनी मध्ये दोनदा येऊन बघून गेल्या. शुभंकर हसत होता. शेवटी म्हणाला, आईला सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, हो.

मावशींची ऑर्डर घेतली. निम्मे पैसे आणि दिरांची सही, दोन्ही घेतलं. दिरांना कल्पना आवडली आहे, फक्त कड्या सोन्याच्या रंगाच्या हव्यात. काल एक बाई आल्या, मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी दोन मला माहीत नव्हत्या. मी विचारलं, कशी दिसते. त्यांनी सांगितलं. मी विचारलं, कशात ठेवतात. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या जरा चिडल्या, तुम्हाला काहीच कसं ठाऊक नाही म्हणाल्या. मी म्हणालो, नाही, म्हणून विचारतो. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि आईच्या घराबद्दल सांगत राहिल्या. चहा दोनदा झाला. ऑर्डर जाताना दिली.

गुरुवारी मुक्ताआजी येतात. मी बाहेर पेपर घेऊन बसत नाही. त्या बोलतात, मी मिशा लावतो. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही, मी बोलून पाहिलं तर त्या कानावर हात ठेवतात. चंद्रभागा तिथे काय काय बोलायची ते थोडं थोडं सांगतात. माझ्याबद्दलही बोलायची असं कळलं. सगळं चांगलं नव्हतं. बरं वाटलं.

कपाटाला नवीन कडी बसवून घेतली. दारावर पाटी लावायची आहे, नाव ठरलेलं नाही. दत्तोबांनी एक सुचवलं आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साडूभाऊंना नमस्कार. तुमच्याकडून आहे तेवढी माया पुरेशी आहे, तरी येत राहू द्यावी.

आपला,
रंगनाथ

ता. क. पाकिटाचा डिंक सुकला होता आणि तिकीटही चिकटत नव्हतं. घरात कुणी नव्हतं. उठून वाटीभर मैद्याची खळ शिजवली, गुठळी होऊ नये म्हणून शेवटपर्यंत ढवळली. निवल्यावर बोटाने थोडी लावून तिकीट चिकटवलं. उरलेली उद्याच्या मिशांसाठी ताटलीने झाकून ठेवली.